सात नंबरच्या खोलीतलं ग्रासियास

जानेवारीतली दुपार. या वेळी असुन्सिऑनमध्ये कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. दुकानांची दारं ओढलेली, रस्ते ओस, साऱ्या शहराचा डोळा लागलेला. अशा वेळी निल्दा जिना चढून ऑफिसात आली ती एका किरकोळ कामासाठी. एक ओळ लिहायची होती, बस्स. ती लिहायला मन धजावेपर्यंत एक वर्ष गेलं होतं.

नदीकाठाने अकरा खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत एक कॉम्प्युटर. कोणी केव्हा पाण्याची उंची मोजायची, केव्हा कोणत्या गावाला फोन लावून सावध करायचं, ही कामं या ऑफिसातून वाटली जात. कोणी काय केलं, कुठे काय बिघडलं, याची ओळ न ओळ परत इथेच येऊन जमा होई. त्या लॉगची राखण निल्दाकडे होती. खोल्या फिरून यंत्रं दुरुस्त करायचा तो तिचा नवरा, सेल्सो.

सेल्सोनेच एक रीत पाडली होती. तेरेरे, म्हणजे इथला पानांचा बर्फगार काढा, पिताना एकच पेला सगळ्यांत फिरतो. पेला परत देताना 'ग्रासियास' म्हणून आभार मानले की त्या माणसाला पुन्हा भरून देत नाहीत. काही न बोलता दिला, तर गडी अजून बैठकीत आहे. तसंच खोलीत शिरणाऱ्याने लॉगमध्ये आपलं नाव टाकायचं आणि निघताना 'ग्रासियास' लिहायचं. ते येईपर्यंत ऑफिसातल्या भिंतीवरच्या इलेक्ट्रॉनिक फळ्यावर त्याचं नाव दिसत राही.

वर्षभर फळ्यावर दिसत होतं: खोली सात. आत: सेल्सो.

गेल्या वर्षी याच तारखेला नदी एकाएकी चढली होती. सेल्सो तिसऱ्या दिवशी कोळ्यांना सापडला, खोलीपासून प्रवाहात बराच खाली, एका झाडाच्या फांद्यांत. अंधार पडेपर्यंत तो जिवंत असावा, असं डॉक्टर म्हणाले. सात नंबरचा कॉम्प्युटरही चिखलातून काढून आणला होता. तेव्हापासून तो निल्दाच्या टेबलाखाली खोक्यात पडून होता. फळ्यावरचं नाव पुसायला मात्र कुणाचा हात वळेना. शेवटी त्या सकाळी साहेब चाचरत म्हणाले, "उद्या सातला नवं यंत्र बसतंय, निल्दा. त्याच्या नावाने 'ग्रासियास'ची ओळ तूच टाक."

रखवालदार तोरिबियो दाराशी बर्फाचा थर्मास घेऊन बसले होते. म्हातारा मोठा बोलका. सगळे त्यांना कराई म्हणत, म्हणजे राव.

"दुपारची झोप सोडून आलीस?" ते म्हणाले. "या वेळी बाहेर भुतं हिंडतात, पोरी. नाहीतर ऑफिसातले लोक."

"मग तुम्ही कोणातले, कराई?"

"मी पगारापुरता जिवंत!" त्यांनी शिंगाचा पेला भरून पुढे केला. "घे. मग लिही काय लिहायचं ते."

ती प्यायली आणि पेला न बोलता परत दिला. मग सेल्सोचं नाव टाइप केलं. पडद्यावर उमटलं: सात नंबरच्या न वाचलेल्या ओळी, ३७०.

निल्दाला आधी वाटलं, काहीतरी घोळ आहे. पुराच्या दिवशी सकाळी तार तुटली, त्यानंतर सातकडून चकार शब्द आला नव्हता. मग तिला शिळा ढीग आठवला.

तार तुटली की खोलीतला कॉम्प्युटर आपल्या ओळी साठवून ठेवी आणि जोडली गेली की सगळ्या एकदम पाठवी. मग ओसरलेल्या पुराचे इशारे अवेळी येत, गावं उगाच उठून पळत. म्हणून निल्दानेच नियम घातला होता: दोन तासांहून जुनी ओळ फळ्यावर यायची नाही, थेट शिळ्या ढिगात जायची. तो ढीग कुणी उघडत नसे. सेल्सो तेव्हा हसला होता. "घरी माझं ऐकत नाहीसच, आता इथेही नियम केलास!"

तिने ढीग उघडला.

१०:४०. तार गेली. मोजणी चालू ठेवतो.

११:२५. पाणी दारात. होडी वाहून गेली.

१२:१०. कंबरभर. होडी पाठवा.

१२:४०. टेबलावर चढलोय.

१:००. निल्दा, घाबरू नकोस. होडी पाठव.

१:१५. छपरावर जातो. तू ऐकत असशील, राणी. होडी पाठव.

पोचल्याची वेळ सगळ्यांची एकच, साडेतीन. म्हणजे तार क्षणभर जोडली गेली होती. शेवटची ओळ सव्वादोन तास जुनी. पंधरा मिनिटांनी हुकली.

त्या दिवशी साडेतीनला निल्दा याच खुर्चीत बसली होती. फळ्याकडे टक लावून काकुपेच्या मातेची करुणा भाकत होती, की सातची एक तरी ओळ येऊ दे. आरमाराची होडी सातपासून पाऊण तासावर उभी होती. सेल्सो आपल्या होडीने केव्हाच निघाला असेल, असं सारे धरून होते; तो अजून तिथेच आहे, एवढंच त्यांना सांगायचं होतं. तो हाक मारत होता, हाक तिच्यापर्यंत आलीही होती, आणि तिनेच ती केरात टाकली होती. तिला रडूही फुटेना.

"कराई..." ती म्हणाली. "मी मारलं हो त्याला."

म्हातारा उठून जवळ आला. त्याने वाचलं. मग त्याचं बोट पडद्यावर खाली सरकलं.

"या सहाच आहेत, पोरी. मग बाकीच्या...?"

बाकीच्या तीनशे चौसष्ट ओळी एकसारख्या होत्या. प्रत्येकीवर गेल्या वर्षीची तीच तारीख आणि वेळ, १:१५. शब्द तेच. पोचल्याचा दिवस मात्र रोज नवा, अगदी कालपर्यंत. रोज दुपारी साडेतीन. रोज शिळी ठरून ढिगात.

निल्दाने वाकून खोक्यात पाहिलं. कॉम्प्युटर तसाच होता, चिखल सुकून भेगाळलेला. त्याला ना वायर, ना वीज.

"बंद कर ते," तोरिबियो कुजबुजले. "घरी जा..."

"वर्षभर बोलावतोय तो मला. आता कुठे जाऊ?"

भिंतीवरच्या घड्याळात तीन सत्तावीस झाले होते. तिने दोन तासांचा नियम काढून टाकला. मग दोघं बसून राहिले. पंखा फिरत होता, तरी हवा जड झाली. खोक्याकडून गढूळ पाण्याचा, कुजक्या पानांचा वास यायला लागला. खाली कुठेतरी थेंब पडल्याचा आवाज झाला. पुन्हा झाला...

साडेतीनला फळ्यावर ओळ उमटली.

छपरावर जातो. तू ऐकत असशील, राणी. होडी पाठव.

आता तिचा बांध फुटला. हुंदके देत तिने सातच्या नावे लिहिलं: ऐकलं रे. उशिरा ऐकलं. मला माफ कर. मी स्वतःच येतेय.

बराच वेळ काही झालं नाही. मग एकच शब्द आला.

ग्रासियास.

तोरिबियोंनी छातीवर क्रूस काढला. "सुटला बिचारा," ते म्हणाले, आणि डोळे पुसत पेला भरायला वळले. निल्दाने फळ्याकडे पाहिलं. सेल्सोचं नाव गेलं होतं. तिला वाटलं, वर्षानंतर प्रथमच आपल्याला श्वास घेता येतोय.

मग रिकाम्या जागी अक्षरं आली.

खोली सात. आत: निल्दा. १:१५ पासून.

"हे... हे तू टाकलंस?" म्हाताऱ्याने विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. पायांना गार लागत होतं. खाली बघायचा तिला धीर होईना.

"मग तूही लिही. ग्रासियास लिही, पोरी... लवकर!"

तिने लिहिलं. एकेक अक्षर बघून लिहिलं आणि पाठवलं.

पडद्यावर तिने काढून टाकलेल्याच नियमाचं उत्तर आलं: ओळ दोन तासांहून जुनी आहे. शिळ्या ढिगात टाकली.