वेताळविहीर

आप्पा वाजेकरांच्या गणपतीच्या कारखान्यातून दुपारी किंकाळ्या ऐकू येत, आणि पेणच्या त्या आळीत आता कोणी दचकतही नसे. "आप्पांचं औषध चाललंय," एवढं म्हणून शेजारी पुन्हा कामाला लागत.

औषध म्हणजे टीव्हीला जोडलेला एक खेळ होता. मुलगी शरयू शाळेत असताना आप्पांनी हौसेने घेतलेला काळा डबा, त्यात खोचायची कॅसेट आणि वायरला लटकलेलं दोन बटणांचं रिमोट. डबा जुनाच होता. कॅसेट मात्र पुण्याच्या एका प्रयोगशाळेत यंदाच तयार झाली होती. तिचं नाव 'वेताळविहीर'. पूर्वी घरोघरी खिळे ठोकलेल्या पाटावर लोखंडी गोळ्या उडवायचा बगाटेल असे, त्याचाच हा पडद्यावरचा चुलतभाऊ. स्मशानाच्या उतारावरून पांढरी गोळी घरंगळत येते, कवट्यांवर आणि चिंचेच्या बुंध्यांवर आपटते. तळाशी दोन वल्ही असतात. डावं-उजवं बटण दाबलं की ती उडतात आणि गोळीला वर हाणतात. दोन वल्ह्यांच्या मधून गोळी निसटली की ती विहिरीत पडते, आणि विहिरीतून वेताळ वर येतो.

आप्पा गणपतीचे डोळे आखायचे. मूर्ती आता यंत्रातून छापून निघत, रंगही यंत्रच फवारी, पण डोळे आप्पांच्याच हातचे हवेत म्हणून लोक अजून अडून बसत. नेमका तोच हात कंपवाताने धरला. बोटं कुंचल्यापाशी जायची आणि थिजायची. अख्खा एक हंगाम आप्पा बिनडोळ्यांच्या मूर्तींसमोर नुसते बसून राहिले. ते बघून शरयूचा जीव तुटायचा.

मग पुण्याच्या त्या प्रयोगशाळेतल्या डॉ. उपाध्ये भेटल्या. "घराला आग लागली की जागचा न हलणारा कंपवाताचा रुग्णसुद्धा कधीकधी पळत सुटतो," त्या म्हणाल्या. "मेंदूतली नेहमीची वाट बंद असते, भीती दुसऱ्या वाटेने हातपाय हलवते. आम्ही ती आग लहान करून कॅसेटमध्ये भरली आहे. दोन्ही हात चालावेत म्हणून हा खेळ निवडला. बटणांखाली भयमापक आहे, तो नाडी आणि घाम मोजतो. भीती ओसरली की खेळ स्वतःच काहीतरी नवीन शोधून काढतो. खेळून झालं की तास-दोन तास हात मोकळे राहतील."

"मी काय करायचं?" शरयूने विचारलं.

"काहीच नाही. त्यांना धीर देऊ नका. जवळ आपलं माणूस आहे म्हटलं की भीती जाते आणि तिच्याबरोबर हातही जातात. डबा वेगळ्या खोलीत ठेवा."

इथेच शरयू चुकली. दुसऱ्या खोलीतून आप्पांना कारखान्यात आणेपर्यंत हातांचा निम्मा मोकळेपणा वाया गेला असता. म्हणून तिने डबा मूर्तींच्या फळ्यांसमोरच मांडला. आखणीवर पोट भरणाऱ्या घरात दुसरं काय सुचणार! स्वतः ती पाठीमागे शाडू चाळत बसे, तोंडातून चकार शब्द काढत नसे. गप्प बसलो म्हणजे नियम पाळला, असं तिला वाटे.

पहिल्या दिवशी वेताळ आला आणि आप्पा खुर्चीतच उडाले. खेळ संपला तसे ते उठले, कुंचला उचलला, आणि बुबुळ एका झटक्यात उतरलं. "स्टुलावर बस गं," ते म्हणाले. मूर्तीची नजर समोरच्याच्या नजरेला भिडली पाहिजे, हे तपासायला शरयू लहान असताना ते तिलाच असं बसवायचे.

"बघतोय का?"

"बघतोय, आप्पा," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

पण भीतीही अंगवळणी पडते. वेताळ जुना झाला, हडळी जुन्या झाल्या. आप्पा जांभया देत खेळू लागले आणि हात पुन्हा जड झाले. अशातच एका दुपारी शाडूची धूळ घशात जाऊन शरयूला जबरदस्त ठसका लागला. श्वासच मिळेना. आप्पांना मागे वळता येईना, पण त्यांच्या तळव्यांना दरदरून घाम फुटला. भयमापकाने तो टिपला. कॅसेटला कानही होते, तिने ठसकाही ऐकला.

दुसऱ्या दिवशी विहिरीतून खोकल्याचा आवाज आला. तो शरयूचा होता. शरयूला आधी बरंच वाटलं, कारण आप्पांचे हात त्या दिवशी अंधार पडेपर्यंत चालले. मग पुढच्या आठवड्यात गोळीच हाका मारू लागली. "आप्पा! आप्पा!" आवाज सात-आठ वर्षांच्या शरयूचा. आप्पा बटणं दाबत पुटपुटत होते, "आलो गं, आलो."

शरयूने प्रयोगशाळेत फोन लावला.

"तुमचा आवाज आम्ही घातलेला नाही," डॉ. उपाध्ये म्हणाल्या. "खेळाला फक्त भीती शोधायला शिकवलंय. ऐकलेल्या आवाजावरून लहानपणीचा त्यानेच घडवला असणार. ती गोळी एकदाही विहिरीत पडली आहे का?"

"आप्पा पडूच देत नाहीत."

"मग याचीही सवय होईल, आणि खेळ तिला पाडेल. वल्ही जराशी आखूड करेल. थांबवायचं असेल तर कॅसेट काढा. पण हात परत थिजतील."

शरयूने कॅसेट काढून कपाटात टाकली. फळीवर एकच मूर्ती उरली होती, कोऱ्या डोळ्यांची. आप्पा दिवसेंदिवस तिच्यासमोर बसून राहिले. शेवटी म्हणाले, "लाव ती."

"आप्पा, ती मी नाहीये."

"डोक्याला ठाऊक आहे गं. हातांना नाही ना ठाऊक."

"आणि पडली तर?"

आप्पांनी मूर्तीकडे मान वळवली. "याला आंधळा ठेवून मी जाऊ होय? लाव. तू मागेच बस."

तिने कॅसेट लावली. गोळी घरंगळली, हाका मारू लागली. आप्पांचे हात लवलवायला लागले. वल्ही खरोखरच नखभर आखूड दिसत होती. उजवं बटण अगदी वेळेवर दाबलं गेलं, आणि तरीही गोळी निसटली. विहिरीतून लांबलचक हाक आली आणि मध्येच तुटली. या वेळी वेताळ वर आला नाही. पडदा नुसता काळा राहिला.

आप्पांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो शरयूने आयुष्यात ऐकला नव्हता. ते उठले, मूर्तीपाशी गेले, कुंचला बुडवला. चेहरा भिजला होता. एक डोळा पुरा झाला, हात जराही हलला नाही.

"शरू," ते न वळता म्हणाले. "आहेस ना गं तिथे?"

एक 'हो' पुरेसा होता. तो कानावर पडताच भीती जाणार होती आणि कुंचला जागच्या जागी थांबणार होता. दुसरा डोळा अजून कोरा होता.

"शरू? बोल की गं."

शरयूने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. कुंचला दुसऱ्या डोळ्याकडे वळला. बापाचा हात चालावा म्हणून तिने अजून किती वेळ मेलेलं राहायचं होतं?