खणाचं झाकण

दिवा राहू दे, जरा बारीक कर. आणि फिदीफिदी हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हे माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या बाबतीत घडलंय, आणि तो भुताचं नाव काढलं की आपल्यालाच वेड्यात काढणारा माणूस.

त्याचं काम बेटांवर फिरायचं आणि काही वर्षांपूर्वी तिथे आलेल्या त्या मोठ्या लाटेतून वाचलेल्या मच्छीमारांच्या हकिगती रेकॉर्ड करायच्या. गेल्या वर्षी एका गुरुवारी तो म्हाताऱ्या तांडेलाकडे गेला. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. त्याची हकिगत आधीच घेऊन झाली होती, पण तिच्यात एक जागा मोकळी राहिली होती. "लाट आली तेव्हा तुमचा धाकटा भाऊ कुठे होता?" असं विचारलं की म्हातारा "किनाऱ्यावर" म्हणायचा आणि खाली मान घालून जाळं विणायला लागायचा. तेवढं विचारायचं आणि संध्याकाळच्या लाँचनं परतायचं, एवढंच काम. म्हातारा जाळं विणतच राहिला, आणि त्याची वाट बघता बघता लाँच चुकली ती चुकलीच.

तांडेलानं मागच्या खोलीत अंथरूण घालून दिलं. तिथे जमिनीवर एक जाड लाकडी झाकण पडलं होतं, वर लोखंडी मूठ. बोटीतल्या बर्फाच्या खणाचं झाकण. लाटेनंतर बोटीचं तेवढंच परत आलं होतं. एकानं खणात उतरून बर्फात मासळी रचायची, झालं की आतून तीनदा ठोकायचं, मग वरच्यानं झाकण उचलायचं, अशी त्यांची रीत. आतून ते उघडत नाही.

"दार नुसतं लोटून घ्या," तांडेल म्हणाला. "या घरात कुठल्याच दाराला कडी ठेवलेली नाही मी."

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी मेहुण्याला थंडीनं जाग आली. दिवस ऐन उकाड्याचे, आणि अंगावर शहारा. बाहेर जावं म्हणून त्यानं दार ढकललं. हलेना. खांदा लावला. हलेना. खिडकीला गज.

ठक. ठक. ठक.

झाकणाखालून.

"तांडेल! दार उघडा!"

"खेचतोय मी..." बाहेरून म्हाताऱ्याचा आवाज आला. "वाजतंय का?"

"वाजतंय..."

मग दाराला तोंड लावून म्हातारा बोलला.

"तो किनाऱ्यावर नव्हता. खणात होता. पाणी चढताना दिसलं की आधी झाकण लावायचं, लहानपणापासून हाताला तीच सवय. लावलं. मग त्यानं ठोकलं... मी ऐकलं. उघडलं असतं तर खणात पाणी शिरून बोट बुडाली असती. नाही उघडलं. बोट बुडालीच."

ठक. ठक...

आता अगदी हळू. तिसरा ठोका आलाच नाही.

"झाकण उघडा!" म्हातारा रडत होता. "माझ्याच्यानं कधी झालं नाही. तुम्ही तरी उघडा हो..."

मेहुणा झाकणाशी वाकला. मूठ धरली. उचललं.

मागे दार आपोआप उघडलं. म्हातारा बॅटरी घेऊन आत आला. झाकणाखाली नुसती फरशी, आणि फरशीवर मूठभर फोडलेला बर्फ.

बेटावरचा बर्फाचा कारखाना लाटेत गेला तो पुन्हा उभा राहिलेला नाही. म्हाताऱ्याच्या घरी फ्रिजही नव्हता. त्यानं तो बर्फ ओंजळीत घेतला आणि तसाच बसून राहिला.

मेहुणा सकाळच्या लाँचनं निघाला, तेव्हा ऊन दारापर्यंत आलं होतं. बर्फ वितळला नव्हता.