निवांत, रविवारी दहा ते दोन

डायलिसिस सेंटर रविवारी बंद. बाकीचे सहा दिवस आठही खुर्च्या सकाळी सातपासून भरलेल्या, त्यामुळे कॉम्प्युटरच्या अपडेटसाठी धाकटीने रविवारची सकाळ धरली. सेंटरमध्ये तिला सगळे धाकटीच म्हणत. तिची मोठी बहीण अक्का चार वर्षांपासून तिथली पेशंट होती आणि पहिल्याच दिवशी अक्काने ‘ही आमची धाकटी’ अशी जी ओळख करून दिली ती चिकटली, चाळिशी उलटली तरी सुटली नाही. पेशंटना मशीनला जोडणं, वेळ झाली की सोडवणं, पाण्याच्या टाक्या बघणं हे धाकटीचं काम. अडलेला प्रिंटर एकदा तिने सुरू करून दाखवला, तेव्हापासून कॉम्प्युटरही तिच्याच गळ्यात पडला होता.

घरी बसून कंटाळा येतो म्हणून अक्काही बरोबर आली होती. खिडकीजवळच्या चौथ्या खुर्चीत, म्हणजे तिच्या नेहमीच्याच खुर्चीत, ती शब्दकोडं घेऊन बसली.

कॉम्प्युटरवरची सिस्टिम ओपन सोर्स होती. जगभरातल्या जाणत्या आणि हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही फुकट मिळणारी. डॉक्टरांना ती कधी पटली नव्हती. बिघडली तर फोन कुणाला करायचा, असं ते विचारत. धाकटी सांगायची की फोन करायचा नसतो, इंटरनेटवर ही सिस्टिम वापरणाऱ्यांच्या फोरमवर लिहायचं असतं. त्यावर डॉक्टर नुसते हसायचे.

दहा वाजून दहा मिनिटांनी, अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली. टेबलाखालच्या यूपीएसने तीनदा पीप केलं आणि मान टाकली. वीज आली तेव्हा काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळी होत्या. सिस्टिमला तिची स्वतःचीच डिस्क सापडत नव्हती.

धाकटी घाबरली नाही. बॅकअप होता. तिने कपाटातून बॅकअपची डिस्क काढली, स्वतःच्या लॅपटॉपला लावली आणि तारखा पाहिल्या. डिस्क तीन आठवड्यांपूर्वीच भरली होती. त्यानंतर तिच्यावर काहीच उतरलं नव्हतं.

एकतीस पेशंट. प्रत्येकाचं वजन किती राखायचं, अंगातलं पाणी किती काढायचं, रक्त पातळ ठेवायचं औषध किती द्यायचं, हे सगळं कॉम्प्युटरच्या त्या बंद डब्यात. तीन आठवड्यांत हे आकडे बदलतात, आणि पाणी अर्धा लिटर जास्त निघालं तरी माणूस खुर्चीतच डोळे फिरवतो. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, सकाळपर्यंत आकडे नसतील तर पहिली पाळी रद्द करावी लागेल. दुसऱ्या सेंटरमध्ये जागा नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्या पहिल्या पाळीत अक्काही होती.

फोरमवर आपल्या भाषेतला एक कोपरा होता. धाकटी तिथे ‘खारूताई’ या नावाने असायची. तिने पडद्याचा फोटो काढला, काय झालं ते लिहिलं आणि शेवटी लिहिलं की उद्या सकाळी सातला इथे माणसं येणार आहेत.

रविवारी कुणी बघेल अशी तिची अपेक्षा नव्हती. दोन मिनिटांत उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं नाव ‘निवांत’.

“ताई, दुरुस्तीची कमांड देऊ नका. डिस्क आजारी आहे. आधी तिची पूर्ण नक्कल करून घेऊ, मग नकलेवर काम करू. घाई नाही.”

कमांड टाइप करायला धाकटीची बोटं कीबोर्डवरच होती. तिने हात मागे घेतला.

मग तो एकेक पायरी सांगत गेला. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करा, एवढी एक ओळ टाइप करा, काय दिसतं ते मला लिहा. इतक्या सोप्या शब्दांत तिला आजवर कुणी काही समजावलं नव्हतं. तिचं एक अक्षर चुकलं तेव्हा ‘माझंही चुकतं’ एवढंच म्हणून त्याने ओळ पुन्हा लिहून दिली. बॅकअपची भरलेली डिस्क लॅपटॉपवर रिकामी करून तिच्यावर नक्कल सुरू झाली. लांबलचक काम होतं. तेवढ्यात त्याने आणखी एक सुचवलं.

“डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. मागचा पंखा कोंडलाय.”

धाकटी वाकून बघते तर डबा खरंच भिंतीला चिकटला होता. तिने तो ओढला आणि पंख्याची घरघर उतरली. मग तिने फोरमवर टाकलेला फोटो उघडून पाहिला. त्यात नुसता पडदा होता. सगळ्या छोट्या ऑफिसांत डबे भिंतीलाच लोटलेले असतात, अनुभवी माणसाला कळणारच, असं तिने स्वतःला सांगितलं. अक्कालाही सांगितलं.

“अनुभवी माणसं बरी असतात,” अक्का म्हणाली आणि कोड्याकडे वळली.

बाराच्या सुमारास त्याने लिहिलं की एकसष्ट टक्क्यांवर काम थांबल्यासारखं वाटेल. वीस मिनिटं काहीच हलणार नाही. हात लावू नका.

एकसष्टवर आकडा थांबला. धाकटी हाताची घडी घालून बसून राहिली. डिस्कमधून बारीक टकटक येत होती. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, तो पाण्याचा आवाजही थांबला. वीस मिनिटं झाली आणि एकसष्टचे बासष्ट झाले.

हे त्याला कसं कळलं, याचं कारण तिने शोधून पाहिलं. या वेळी एकही पटेना. तरी तिला भीती वाटली नाही, हे तिने नंतर अक्काला पुन्हा पुन्हा सांगितलं. खांद्यामागे कुणीतरी जाणतं उभं आहे असं वाटत होतं, आणि तेवढ्यानेच तिचा जीव थाऱ्यावर होता.

एक वाजून गेला. पुढचं उत्तर छोटं होतं.

“ताईंना उठवा. डाव्या हातावर झोपल्या आहेत.”

धाकटीने ते वाचलं. मग वळून पाहिलं.

अक्का खुर्चीत कुशीवर वळून झोपली होती. चष्मा छातीवर घसरला होता. डावा हात पूर्ण अंगाखाली गेला होता.

त्याच हातात धमनीला शीर जोडून डायलिसिसची जागा केलेली होती. तिथे बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरावं तशी थरथर लागायची. हात दबून राहिला तर आत रक्त गोठतं, थरथर थांबते आणि ती जागा कायमची जाते. अक्काची उजव्या हातातली जागा अशीच गेली होती.

धाकटीने तिला हलवून उठवलं. हात सोडवला. जागेवर तीन बोटं ठेवली.

काही लागेना.

बोटं तशीच ठेवून ती उभी राहिली. अक्का तिच्या तोंडाकडे बघत होती.

मग अगदी खोलवर काहीतरी हललं. थांबलं. पुन्हा हललं. हळूहळू थरथर वर आली आणि बोटांना स्पष्ट लागू लागली.

धाकटी खुर्चीच्या कडेवर बसली. अक्काने काय झालं विचारलं, तेव्हा तिने लॅपटॉपच तिच्यासमोर धरला. अक्काने चष्मा लावून ती ओळ वाचली. मी इथे आहे असं तू लिहिलं होतंस का, असं तिने विचारलं. धाकटीने मान हलवली. कुठेही लिहिलं नव्हतं.

अक्काने डावा हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाली, “त्याला लिही. म्हणावं, कुणाचा कोण तू, पण माझा हात राखलास.”

धाकटीने तसंच लिहिलं. उत्तर आलं, “नक्कल झाली असेल. पुढचं बघू.”

दोनला थोडं कमी असताना कॉम्प्युटर सुरू झाला. एकतीसच्या एकतीस पेशंट जागच्या जागी. शनिवारी दुपारचं शेवटचं वजनसुद्धा. धाकटीला रडू आलं आणि हसूही आलं. तिने डॉक्टरांना कळवलं. ते एवढंच म्हणाले की त्या माणसाला माझ्याकडूनही धन्यवाद सांगा.

रीतीप्रमाणे तिने प्रश्नाच्या शीर्षकापुढे ‘सुटला’ असं लिहिलं. मग, विचारावं की नाही असं करत, तुम्ही कोण, हे सगळं तुम्हाला कसं दिसलं, असं विचारलं.

“बरं वाटलं,” त्याने लिहिलं. “आज वेळ चांगला गेला.”

त्यानंतर काही आलं नाही. दोघींनी दिवे बंद केले आणि शटर ओढून कुलूप लावलं.

सोमवारी सातला पहिली पाळी वेळेवर बसली. अक्काच्या हाताला सुई पहिल्या झटक्यात लागली. बसल्या बसल्या तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांना एका निवांत नावाच्या भल्या माणसाची गोष्ट सांगितली, आणि सगळ्यांनी त्याला दुवा दिला. हात दबल्याचं मात्र तिने सांगितलं नाही.

दुपारी दोन पाळ्यांच्या मध्ये धाकटीला सवड मिळाली. तिने निवांतची जुनी उत्तरं उघडली. शेकडो होती. चार वर्षांत कितीतरी अडलेल्यांना त्याने त्याच सोप्या शब्दांत बाहेर काढलं होतं, आणि खाली लोकांचे धन्यवाद ओळीने होते. सगळी उत्तरं रविवारची. सगळी दहा ते दोनच्या आतबाहेरची. डायलिसिस चालतं साधारण चार तास, हे तिच्या मनात आलं, पण तिने ते तिथेच ठेवलं.

नवा बॅकअप घेण्याआधी नोंदी नीट उतरल्यात का ते बघायला तिने पेशंटच्या हजेरीची पानं एकेक करून उघडली. त्यात कालचं, रविवारचं पान आलं; ते बघायचं आजवर कुणाला कारणच पडलं नव्हतं.

पान रिकामं नव्हतं.

नावाचा रकाना कोरा. खुर्ची पाचवी, अक्काच्या शेजारची. ती मागे मागे जात राहिली. दर रविवारी तीच एक ओळ होती.

मग ती कालच्या ओळीवर परत आली आणि तिने पुढचे रकाने वाचले. आत येण्याची वेळ दहा वाजून अकरा मिनिटं. कॉम्प्युटर तेव्हा बंद पडलेला होता. बाहेर पडण्याची वेळ दोन पस्तीस, दोघींनी कुलूप लावलं तेव्हाची.

शेवटचा रकाना ‘पेशंटसोबत कोण’ असा होता. आधीच्या प्रत्येक रविवारी तिथे ‘कुणी नाही’ होतं.

काल होतं, ‘दोघी बहिणी’.