पाणी आलं की पाय आपट

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. ही माझ्या सख्ख्या बहिणीची, डार्लाची गोष्ट आहे. शेवटचा भाग तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

अमेरिकेतलं नॉर्थ डकोटा. तेलविहिरींजवळचा कॅम्पर ट्रेलरचा, म्हणजे चाकांवरच्या घरांचा तळ. जानेवारीत आमच्याकडे पाचलाच मिट्ट काळोख होतो. त्या दिवशी बाहेर उणे तीस होतं.

डार्लाचा नवरा लायल डिसेंबरात कामावर असतानाच गेला. हृदय बंद पडलं. ती रडली नाही. आत सगळं बधिर झालं होतं. राहायला उरला तो हा ट्रेलर. पाण्याचा पाइप गोठून फुटला, तर तोही गेलाच.

त्या संध्याकाळी तिने नळ उघडला...

थेंबही नाही.

पाइप गोठू नये म्हणून त्याला गुंडाळलेली तापणारी पट्टी जळाली होती. तिने शेजारच्या ऑर्विलला फोन लावला.

"नळ उघडा ठेव आणि तिथंच उभी राहा, पोरी," म्हातारा म्हणाला. "मी ट्रेलरखाली शिरून पाइपला हेअर ड्रायर लावतो. पाणी आलं की पाय आपट. विसरलीस तर माझी कुल्फी होईल."

लायलचीही हीच पद्धत होती.

थोड्या वेळाने पायाखालून आवाज आला...

घूंऽऽऽ

ती उभी राहिली. तळवे कोमट झाले. नळ खोकला, पाणी आलं.

तिने पाय आपटला.

आवाज थांबला.

आणि दार वाजलं...

ऑर्विल. मिशांवर बर्फ, हातात ड्रायर. "माझ्या दारापुढचा बर्फ उपसण्यातच वेळ गेला गं. चल, कुठून शिरू?"

दोघं टॉर्च घेऊन बाहेर गेले. ट्रेलरखाली वारा शिरू नये म्हणून चहूबाजूंनी फोमचे तक्ते लावलेले. आत जायला एकच झडप. तिच्यापुढे गुडघाभर बर्फ.

त्यावर एकही पाऊल नव्हतं.

"मग पाणी आणलं कुणी?" ऑर्विलने हळूच विचारलं.

आत येऊन तिने बाथरूममधला खण उघडला. लायलचा ड्रायर जागेवरच होता.

गरम होता...

दुसऱ्या दिवशी ऑर्विलने नवी पट्टी बसवून दिली. आता पाइप गोठायचं काही कारणच नव्हतं.

फेब्रुवारीत मी तिच्याकडे गेले. कॉफी घेत बसलो होतो. नळ उघडाच, पाणी धो धो वाहत होतं. आणि पायाखाली...

घूंऽऽऽ

माझी नजर भिंतीकडे गेली. पट्टीचा प्लग काढून ठेवलेला होता.

"डार्ला, पाणी तर आलंय."

"सकाळीच आलंय."

"मग पाय आपट ना."

"आपटला की तो जातो." तिच्या आवाजात काहीच नव्हतं. "तूही पाय वाजवू नकोस."

खाली उणे तीस... आणि तो तिच्या पायाची वाट बघत पडलेला.

निघताना मी बूट हातात घेतले आणि मोज्यांवरच बर्फात उतरले. झडपेकडे बघितलं नाही.

अजूनही तिचा फोन आला, की मी आधी मागचा आवाज ऐकते.