तिसरी हाक

बस. दिवा राहू दे तसाच. मी इंजिनिअर माणूस, कॅनडात मिसिसागाला बसून चाळीस वर्षं पुलांची गणितं केली. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. निदान २०१६च्या डिसेंबरपर्यंत तरी नव्हता.

बळवंत माझा चौऱ्याहत्तर सालापासूनचा मित्र. त्याची मुलगी प्रिया न्यूफाउंडलंडला नोकरी करायची, आम्ही दोघं आठवडाभर तिच्याकडे राहायला गेलो होतो. बळवंतची शुगर वाढलेली, म्हणून जेवणानंतर रोज चालायचं. त्या दुपारी त्याला घरामागची टेकडी चढायची हुक्की आली.

"काका, चारच्या आत खाली या हं," प्रिया म्हणाली. "इट गेट्स डार्क सो अर्ली."

बर्फ नव्हता, नुसती ओल. स्प्रूसच्या फांद्या सारख्या ठिबकत होत्या आणि कुजक्या शेवाळाचा वास नाकात बसला होता. मी मालवणचा. आमच्याकडे रानात मागून हाक आली तर लगेच ओ देत नाहीत. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी आली तर समजायचं माणूस आहे. मी हे सांगितल्यावर बळवंत हसून हसून दमला.

"अरे सूर्या, इथल्या भुतांना मराठी कोण शिकवणार?"

झाडं संपली आणि उघडा माळ लागला. जिकडेतिकडे शेवाळ, मध्ये मध्ये काळ्या पाण्याची डबकी. बघता बघता धुकं उतरलं.

"तू हो पुढे, मी लेस बांधून आलोच," बळवंत म्हणाला.

मी पन्नासेक पावलं गेलो असेन.

"सूर्या…"

मागून आली. माझ्या तोंडात ओ आली होती. का कोण जाणे, मी गिळली.

"सूर्या…"

ही समोरून आली. समोर तर कोणीच गेलं नव्हतं… मी तिसऱ्या हाकेची वाट बघत उभा राहिलो. घड्याळ बघत होतो, अकरा मिनिटं. आली नाही.

मग मागे गेलो. बळवंतची लाल लोकरी टोपी शेवाळावर पडली होती. तो वाटेपासून दोन पावलांवर, डबक्यात, पालथा. ओढून काढला तेव्हा त्याचे हात थंडगार होते.

"काका, बाबांनी हाक नाही मारली?" प्रियाने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. त्या एका शब्दाची लाज अजून गेली नाही.

गेल्या वर्षी त्याच तारखेला प्रिया टेकडीवर फुलं ठेवायला गेली. मी इकडे मिसिसागाला, माझ्या स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. तिचा फोन आला.

"काका… इथे कोणीतरी बाबांच्या आवाजात बोलतंय. तुमचं नाव घेतंय."

"प्रिया, खाली ये. आधी खाली ये."

"सूर्या…" फोनमधून आली. तोंडात पाणी भरलेल्या माणसाची असावी तशी.

तिसरी! माझे ओठ हलेनात. तीन वर्षं ज्या हाकेची वाट पाहिली तिला मी ओ देऊ शकलो नाही.

पण तिकडे, धुक्यात, कोणीतरी दिली.

"ओ… आलो रे, बळवंता."

आवाज माझा होता.

प्रिया कुजबुजली, "काका, तुम्ही इथे कधी आलात?"