समोरच्या उतारावरची शिकवणी

सप्टेंबर अर्धा सरला की आमच्या खोऱ्यात हरणांचे नर माजावर येतात आणि त्यांच्यामागोमाग गावातले म्हातारेही. ज्याच्या त्याच्या खिडकीत बैलाचं पोकळ शिंग उन्हाला ठेवलेलं दिसतं. त्यात तोंड घालून नराचं डुरकणं काढायचं, खरा नर चिडून रानाबाहेर येईपर्यंत काढायचं, याला आमच्याकडे कसब म्हणतात. यावोरेत्स गावात ते वेंडेलीनइतकं कोणालाच साधलेलं नव्हतं. असं तो स्वतःही दिवसातून एकदा तरी सांगायचाच.

त्या वर्षी त्याने शिंग पुसून ठेवलं ते नातवंडांसाठी. त्याची मुलगी ल्युदका कोशित्से शहरात, उंच इमारतीत राहायची. शिकारीचं तिला वावडं. बाप वर्षानुवर्षं मागे लागला तेव्हा कुठे तिने पोरांना काही दिवस पाठवायचं कबूल केलं, तेही अटी घालून.

"बंदुकीला पोरांचा हात लागता कामा नये," गाडीतून पिशव्या काढता काढता ती म्हणाली. "आणि दोघांपैकी एकाला जरी काही झालं ना बाबा, तर पुन्हा पोरं दिसायची नाहीत तुम्हाला. आधीच सांगून ठेवते."

"अगं, हरणं ऐकायला नेतोय. लढाईवर नाही."

"तुमचं हरणं ऐकणं मी लहानपणापासून बघतेय. आणि शिमोनकडे लक्ष द्या. तेर्का तुमची लाडकी आहे हे त्याला कळतं."

"मला दोघं सारखीच."

हे काही खरं नव्हतं. तेर्का अकरा वर्षांची, अबोल, एकदा दाखवलेलं पुन्हा दाखवावं न लागणारी. शिमोन आठचा. त्याच्या तोंडाला विश्रांती नव्हती आणि पायांनाही नव्हती. वेंडेलीनला आताशा शिंग फुंकलं की धाप लागायची. आपल्यामागे ते कोणाच्या हाती जाणार हे त्याने तेर्का पाळण्यात होती तेव्हाच ठरवून टाकलं होतं. शिमोन त्या हिशेबात कुठे बसतो याचा त्याने विचारच केला नव्हता.

पहिल्या दिवशी उजाडायच्या आधी तिघं निघाले. पायवाट बीचच्या झाडांमधून चढत जाते, पायाखाली पाचोळा ओला असतो. तेर्का आजोबाच्या पावलावर पाऊल टाकत होती. शिमोन मागे राहून भूछत्रं फोडत होता.

"शिमोन!" म्हातारा मागे न वळता खेकसायचा. हाक कसली, चापटच ती. वर पोचेपर्यंत ती बऱ्याचदा वाजली.

मोकळ्या कुरणाच्या कडेला त्याचं लाकडी मचाण होतं. समोर खोल घळ, घळीत ओढा आणि पलीकडे काळ्या फरवृक्षांचा उभा उतार. तो उतार गेयझाच्या वाट्याचा; गेयझा म्हणजे वेंडेलीनचा जुना सोबती आणि जुनाच प्रतिस्पर्धी.

"गळ्यातून नाही काढायचं, पोटातून," वेंडेलीन कुजबुजला. "लांब ओढायचं आणि शेवटी खोकायचं. चुकलीस तर मी बोलणार नाही. रानात बोलायचं नसतं. फळीवर असं दोनदा ठोकीन, की पुन्हा काढायचं. माझ्या बापाने मला असंच शिकवलं."

त्याने आधी स्वतः काढून दाखवलं. मग तेर्काने शिंग तोंडाला लावलं आणि शेवटी तिचा श्वास तुटला.

"पोट बिघडलेल्या गाईसारखं!" शिमोन खिदळला.

टक, टक. तेर्काने पुन्हा काढलं.

"देदो, मला द्या ना एकदा." आजोबाला ती दोघं देदोच म्हणत.

"तू आधी गप्प बसायला शीक. आणि ऐक, तेर्का. नर यायला निघाला की शिंग खाली ठेवायचं. मग हूं का चूं करायचं नाही. आपण गप्प झालो की तो आंधळ्यासारखा येतो."

तेवढ्यात समोरच्या उतारावरून उत्तर आलं. जड, खोल, चांगलं म्हातारं जनावर. वेंडेलीनच्या अंगावर सुखाचा काटा आला. त्याने तेर्काकडे बघून भुवया उंचावल्या.

त्या आवाजानंतर थोडा वेळ गेला आणि एक बारीक आवाज आला. तसाच लांब, पण शेवटी तुटलेला.

"कोवळा नर आहे," म्हातारा म्हणाला. "थोरल्याची नक्कल करतोय."

पलीकडे लाकडावर काहीतरी वाजलं. टक, टक.

बारीक आवाज पुन्हा आला. या वेळी शेवट जरा बरा होता.

"सुतारपक्षी दोनदाच ठोकतो?" तेर्काने विचारलं.

"ठोकतो कधीकधी."

तेर्काने मान हलवली, पण तिची नजर उतारावरून हलली नाही. खाली येताना वेंडेलीन नेहमीपेक्षा जास्त बोलत होता. घरी त्याने पोरांना पाव, कांदा आणि खारवलेली चरबी वाढली आणि स्वतः मात्र नुसताच चहा घेऊन बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने शिंग बाहेरच काढलं नाही. आज नुसतं ऐकायचं, असं पोरांना सांगितलं. फार वेळ थांबावं लागलं नाही. जड आवाज आला. मागून बारीक आला. टक, टक. पुन्हा बारीक. पुन्हा टक, टक. मग एकदा बारीक आवाजाने शेवटचं खोकणं अचूक काढलं आणि त्यानंतर ठोकणं आलं नाही.

त्या जागचं न ठोकणं वेंडेलीनला चांगलं ओळखीचं होतं. लहानपणी बापाची बोटं फळीवर स्थिर राहिली की त्याला असं वाटायचं, आपण आज जग जिंकलं. समोर कोणीतरी कोणालातरी शिकवत होतं. त्याला आधी राग आला. गेयझाने आपली चेष्टा करायला गावातलं एखादं कार्टं हाताशी धरलं असणार.

दुपारी तो तडक गेयझाच्या दारात गेला. गेयझा बाकावर एक पाय लांब करून बसला होता. त्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर होतं.

"काय रे, म्हाताऱ्या, हे कधी?"

"ऑगस्टात. प्लम काढताना शिडीवरून पडलो. तू आलास बघायला, वा! आता बर्फ पडायच्या आत आलास हेच खूप."

"मग तुझ्या उतारावर कोण शिकवतंय?"

"कोणाला?"

"पोराला. शिंग फुंकायला."

गेयझाने हसायला तोंड उघडलं आणि वेंडेलीनचा चेहरा बघून तसंच मिटलं. "तिकडे कोण जातंय, वेंडेलीन? वसंतातल्या वादळात सगळी झाडं आडवी झालीत. पायवाट नाही. माझं मचाण ओढ्यात गेलं. तिथे ठोकायला एक फळीसुद्धा उरलेली नाही."

ठोकण्याबद्दल वेंडेलीन त्याला काहीच बोलला नव्हता.

"तूही ऐकलंस?"

"शिडीवरून पडायच्या आधी, एकदा," गेयझा म्हणाला आणि प्लास्टरवरची धूळ झटकू लागला. "पोरांना उद्या नेऊ नकोस. नदीवर ने. मासे धर."

वेंडेलीनने रात्री जेवताना मासे धरायची गोष्ट काढून पाहिली. तेर्काचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ल्युदका न्यायला येणार होती आणि तेर्काच्या हाकेला नर अजून बाहेर आला नव्हता. नाही न्यायचं तर का, ते सांगावं लागणार. पोरं ते आईला सांगणार. आणि सांगणार तरी काय? सुतारपक्ष्याला देदो घाबरला? म्हाताऱ्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने बंदूक बरोबर घ्यायचं ठरवलं आणि मासे सोडून दिले.

सकाळी धुकं इतकं होतं की घळ दुधाने भरल्यासारखी दिसत होती. तिघं मचाणावर चढले. वेंडेलीनने बंदूक गुडघ्यांवर आडवी घेतली. तेर्काने शिंगाकडे हात नेला तसा त्याने तो हळूच बाजूला केला.

समोरून सुरुवात झाली. आज डुरकणं नव्हतं.

जड आवाज आखूड आला, दोन तुकड्यांत, तोंडात चिखल असताना कोणी बोलावं तसा. बारीक आवाजाने तो उचलला. टक, टक. पुन्हा. टक, टक. पुन्हा.

धुक्यातला ओढाही ऐकू येईनासा झाला होता.

"देदो," तेर्काच्या ओठांतून जेमतेम शब्द निघाला. "ते 'शिमोन' म्हणतायत."

"वेडी आहेस."

"तुमच्यासारखं म्हणतायत."

टक, टक.

मग पलीकडून हाक आली. "शिमोन!" आखूड, खेकसलेली, मागे न वळता मारलेली. वेंडेलीनचा आवाज होता तो. वेंडेलीनचं तोंड बंद होतं.

त्यानंतर ठोकणं आलं नाही.

शिमोन उठून उभा राहिला. तो घाबरलेला नव्हता, आणि म्हाताऱ्याला भीती वाटली ती त्याचीच. पोराचा चेहरा उजळला होता.

"मला बोलावतायत. जाऊ?"

त्याचा एक पाय शिडीवर गेलासुद्धा. वेंडेलीनने त्याची कॉलर धरली.

"सोडा ना! मला बोलावलंय. तेर्काला नाही, मला!"

वेंडेलीनने दुसऱ्या हाताने बंदूक उचलली आणि खाली ठेवली. आवाजावर गोळी झाडायची नसते. बापाने शिकवलेलं पहिलं तेच.

समोर आता काहीच वाजत नव्हतं.

"गप्प झाले," तेर्का म्हणाली, आणि आजोबाकडे बघितलं. तिला शिकवलेलं सगळं लक्षात राहायचं.

त्याने शिमोनला खांद्यावर टाकलं. तेर्काला पुढे घातलं. शिडी उतरताना पोर हातपाय झाडत होतं, पाठीवर बुक्के मारत होतं. धाप लागून छाती फुटायची वेळ आली तरी वेंडेलीन पायथ्यापर्यंत थांबला नाही. मागे वळून त्याने एकदाही पाहिलं नाही. पाचोळा फक्त त्यांच्याच पायांखाली वाजत होता, एवढं मात्र तो सगळी वाट ऐकत आला.

संध्याकाळी ल्युदका आली. पोरांची हाडं शाबूत, गाल लाल. ती खूश झाली. तेर्का पिशव्या गाडीत ठेवू लागली. शिमोनने मात्र सगळं सांगून टाकलं, की डोंगरापलीकडे दुसरे देदो आहेत आणि ते फक्त मलाच बोलावतात.

"प्रतिध्वनी असतो तो, बाळा," ल्युदका हसत म्हणाली. बापाला म्हणाली, "चला, म्हणजे त्यालाही मजा आली. पुढच्या वर्षीही पाठवीन."

वेंडेलीनने मान डोलावली. गाडी वळणाआड गेल्यावर त्याने शिंग चुलीत घातलं. जळक्या केसांचा वास घरात बरेच दिवस राहिला. लोकांना त्याने छातीचं कारण सांगितलं आणि लोकांना ते पटलंही. त्याला स्वतःला एकाच गोष्टीचं बरं वाटायचं, की कोशित्से फार लांब आहे. मध्ये डोंगर आहेत, शेतं आहेत, कारखाने आहेत, सगळा पसारा आहे माणसांचा.

पहिलं बर्फ पडून वितळलं. एका रविवारी दुपारी तो घेवड्याचं सूप ढवळत असताना मोबाइल वाजला.

"बाबा, खाली उभं राहून काय ओरडताय?" ल्युदका हसत होती. "सगळी इमारत ऐकतेय. बेल चालू आहे आपली. आणि येणार होतात तर कळवायचं तरी, मी काहीतरी गोडधोड केलं असतं."

"काय म्हणतेस?"

"शिमोन निघालाय तुम्हाला घ्यायला. बूटसुद्धा घातले नाहीत, मोज्यांवरच पळाला. इतका खूश झालाय म्हणून सांगू!"

"ल्युदका, मी घरी आहे."

"आं? नीट ऐकू येत नाही हो."

"घरी. यावोरेत्सला. चुलीपाशी उभा आहे मी. धाव, पकड त्याला!"

"थांबा, खिडकी उघडते. परत हाक मारताय वाटतं."

खिडकीची कडी वाजली. फोनमध्ये वारा आला, कुठेतरी चेंडू आपटत होता, कोणाचं तरी कुत्रं भुंकता भुंकता थांबलं. मग खूप खालून, स्पष्ट, त्याचा स्वतःचा आवाज आला.

त्यात खेकसणं नव्हतं.

"शिमोन. ये रे, माझ्या सोन्या. ये."

इतक्या मायेने वेंडेलीनने त्या पोराला आजवर कधीच हाक मारली नव्हती.