टिटवीचं नाणं

"तिला हात लावू नका," ती दारातूनच म्हणाली.

सोमवारी संग्रहालय लोकांसाठी बंद असायचं. पक्ष्यांच्या दालनात बसून निवांत चित्रं काढायचा तो तिचा हक्काचा वार. आज मात्र काचेचं कपाट सताड उघडं होतं, आणि एक उंच माणूस डोळे मिटून पेंढा भरलेल्या टिटवीच्या पाठीवरून बोट फिरवत होता. अगदी हलकं… झोपलेल्या बाळाला जाग येऊ नये तसं.

"परवानगी काढलीय," तो डोळे न उघडताच म्हणाला. "टांकसाळीतून आलोय. नव्या नाण्यावर ही बसणार आहे."

"मग चित्र दिलंय ना तुम्हाला?"

"दिलंय. सुरेखच आहे. पण काढणाऱ्या बाईंनी पीसन् पीस काढलंय आणि पाठ कुठे चढते, कुठे उतरते याचा पत्ता नाही. कागदावर चालतं हो ते. मला ती धातूत उठवायचीय." त्याने आता डोळे उघडले. "बाई भेटल्या तर विचारणार आहे — एवढ्याशा नाण्यावर एवढी पिसं मावायची कशी?"

"विचारा की."

"भेटतील कुठे?"

"भेटल्यात."

त्याचं बोट टिटवीच्या मानेवरच थबकलं. टिटवीच्या डोळ्यापुढे लालभडक कातडी असते. त्याचे कान तिच्याहून लाल झाले. तिला हसू आवरेना, म्हणून ती उगाचच पेन्सिलीला टोक काढत बसली.

किडे, पानं, शिंपले, पिसं — शास्त्राच्या पुस्तकांसाठी अशी चित्रं काढण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. घरी वहिनी तिला लाडाने 'किडेबाई' म्हणायची. नाण्याच्या स्पर्धेला तिने गंमत म्हणून चित्र पाठवलं आणि नेमकं तेच निवडलं गेलं. चित्रात टिटवी उघड्या माळावर अर्धवट उभी होती, अंडी उन्हाने तापू नयेत म्हणून त्यांच्यावर स्वतःची सावली धरून.

ते चित्र धातूत उतरवायचं काम या लाल कानांच्या शिल्पकाराकडे आलं होतं. दुसऱ्याच दिवशी ती त्याच्या कार्यशाळेत गेली. टेबलावर नाण्याचा मोठा नमुना म्हणून जेवणाच्या ताटाएवढी प्लास्टरची चकती, तिच्यावर हळूहळू उठत असलेला पक्षी, आणि एका बाजूने पडणारा दिव्याचा तिरका उजेड.

"हा पाय चुकलाय," ती म्हणाली. "गुडघा उलटा दिसतोय."

"पक्ष्यांचा गुडघा उलटाच वाकतो ना?"

"तो गुडघा नाहीच, घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो."

तो चकतीकडे बघत राहिला. "म्हणजे आजवर मी सगळ्या पक्ष्यांना घोट्यावर बसवलं म्हणा."

"पक्षी तक्रार करत नाहीत. मी करते."

"करा," तो म्हणाला, आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं. "बसून करा."

मग तोही तिला शिकवू लागला. नाण्याकडे कुणी निरखून बघत नाही, खिशात हात घालून चाचपतात. म्हणून बोटाला जाणवेल तेच ठेवायचं. त्याने तिचं बोट धरून चकतीवरून फिरवलं. "इथे चढ… आता उतार… कळलं?" तिला चढ कळला, उतार कळला, आणि त्याचा हात उबदार आहे हेही कळलं. पण शेवटचं विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नाही.

पुढे दर दोन दिवसांनी फोन यायला लागला. कधी पंखाची शंका, कधी शेपटीची.

"ती टिटवी आहे की हत्ती?" वहिनीने एकदा विचारलं. "एवढ्या दिवसांत हत्तीसुद्धा कोरून झाला असता."

"बारीक काम असतं वहिनी."

"असेल बाई. पण बारीक कामाला जाताना तू हल्ली केस दोनदा विंचरतेस."

आणि मग एका दुपारी तो स्वतःच संग्रहालयात आला. चेहरा उतरलेला होता.

"नाण्याच्या समितीला चित्र बदलून हवंय," तो म्हणाला. "नुसता उभा पक्षी मरगळलेला वाटतो म्हणे. उडणारा हवाय. झेप घेणारा."

"तुम्ही काय म्हणालात?"

तो खाली बघत होता. "काही नाही. जमत नसेल तर काम दुसऱ्याकडे देऊ म्हणाले, आणि मी… गप्प बसलो."

"इतके दिवस ती सावली जमावी म्हणून आपण दोघं जीव टाकत होतो," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उलट बसला. "आणि तिच्यासाठी तुमच्या तोंडून एक शब्द निघाला नाही?"

तो गेला. नंतर फोन आले, तिने घेतले नाहीत. रागाने भुंग्याचं चित्र काढायला घेतलं, तर भुंगाही रागावलेला दिसायला लागला.

"रुसायचं तर रुस," वहिनी म्हणाली, "पण आपण होऊन येऊन कबूल केलं ना त्याने? लपवणारे तुला चालले असते का?"

रात्रभर तिने कूस बदलली. मग सकाळी तिनेच फोन लावला. "जिवंत टिटवी पाहिलीय कधी?"

"नाही."

"चला मग."

गावाबाहेरच्या तलावामागे मोकळा माळ होता. दगडगोट्यांत अंडी कुठे आहेत हे तिने लांबूनच दाखवलं, तरी त्याला दिसेनात. नीट बघायला म्हणून तो दोन पावलं पुढे सरकला, आणि टिटवी उठली. काय तो आरडाओरडा… लांब पाय मागे सोडून, चोच वासून ती थेट त्याच्या डोक्यावर झेपावली. हा एवढा उंच माणूस मटकन खाली बसला.

ती हसत होती, आणि हसता हसता एकदम थांबली.

"हीच," ती म्हणाली. "त्यांना उडणारी हवीय ना? मग ही घ्या. मिरवायला नाही उडालेली. खाली अंडी आहेत म्हणून उडालीय."

दोघं मागे सरले, टिटवी परत अंड्यांवर जाऊन बसली. ती एका दगडावर टेकून भराभर चित्र काढायला लागली. कागदावर ऊन इतकं लखलखत होतं की रेघ दिसेना. मग अचानक दिसायला लागली. तिने मान वर केली. तो उन्हाकडे पाठ करून उभा होता, त्याची सावली बरोबर तिच्या कागदावर पडेल असा. मानेवरून घाम ओघळत होता, पण तो हलत नव्हता.

"बसा ना," ती म्हणाली.

"तुमचं होऊ दे."

तिने खाली बघितलं. पुढच्या दोन-चार रेघा तिने मुद्दाम सावकाश काढल्या.

समितीपुढे या वेळी ते दोघं मिळून गेले. नवी चकती सगळ्यांना आवडली. फक्त एका गृहस्थांनी चष्मा सारखा करत म्हटलं, "चोच तेवढी मिटवा. ओरडणारा पक्षी बरा दिसत नाही."

ती काही बोलणार तोच तो उभा राहिला. बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट आवळलेली होती.

"चोच उघडीच राहील," तो म्हणाला. "ती अंड्यांसाठी ओरडतेय. मिटवायची असेल तर ते काम दुसऱ्या कुणाला द्या. माझ्या हातून होणार नाही."

अध्यक्षबाईंनी चकतीवरून सावकाश बोट फिरवलं, चोचीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "राहू दे उघडी."

बाहेर पायऱ्यांवर दोघं नुसतेच उभे राहिले. मोठं काम संपलं की हात मोकळे होतात, आणि मग त्यांचं करायचं काय ते सुचत नाही.

"आता पुढे काय?" त्याने विचारलं.

"बेडूक. एक पुस्तक आलंय."

"बेडकाचं नाणं निघेल का हो कधी?"

"निघालं तरी वर्षं लागतील."

"तेवढा धीर नाही मला." तो थांबला. कान हळूहळू लाल होत गेले. "मला पटकन बोलता येत नाही, ते तुम्ही पाहिलंच आहे. पण आज गप्प बसलो तर जन्मभर बसेन. मला तुम्ही… रोज हव्या आहात. टिटवी नसताना, बेडूक नसताना. नुसत्याच."

चित्राला हात घालण्याआधी ती एखाद्या गोष्टीकडे जशी बघायची, तशी त्याच्याकडे बघत राहिली. घाई न करता, काही सुटू नये म्हणून.

"रोज हव्या असलेल्या माणसाला," ती शेवटी म्हणाली, "कुणी अहो-जाहो करतं का?"

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याने 'तू' म्हटलं, अगदी हलकेच. तिला ते स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी ऐकू आलं नाही असं दाखवून, तिने ते त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.